फेस बसायच्या आत

वहिनी, तुम्हाला राग येईल अशी गोष्ट आधीच सांगून टाकते. तुम्ही गेलात त्या दिवसापासून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत तुमच्या कॉफीच्या मशीनवर पापडाचा डबा होता. घर माणसांनी भरलेलं, ओट्यावर जागा नाही, कुणा बाईला ती सपाट जागा दिसली आणि तिनं डबा ठेवून दिला. त्या डब्यावर आणखी कुणी चाळण ठेवली. मी येता-जाता बघत होते, पण बोलले काही नाही. तुम्ही असता तर त्या बाईला हाताला धरून स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं, कार्यक्रम तुमचाच असला तरी.

आता सगळे आपापल्या गावी गेले. विहारातल्या बाया सुरुवातीला रोज डोकावायच्या, त्यांचंही येणं कमी झालं, आणि ते बरोबरच आहे, त्यांना त्यांची घरं आहेत. मी जन्मभर आपल्या ह्या घराला खुराडं म्हणत आले. एकमेकींच्या पायात आल्याशिवाय ह्या दारातून त्या दारात जाता येत नाही म्हणून तक्रार करत आले. आता कुणी पायात येत नाही. घर एवढं मोठं कधी झालं ते मला कळलं नाही.

तुम्ही कशा गेलात ते मी लिहिणार नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगून सांगून ते पाठ झालंय. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, असं मी म्हणते, आणि ते "सुटल्या बिचाऱ्या" म्हणतात. कशातून सुटल्या ते कुणी सांगत नाही. इथल्याच सरकारी दवाखान्यात मी केस पांढरे होईपर्यंत नर्स होते, पण सकाळी तुम्हाला उठवायला आले, हात हातात घेतला, तेव्हा नाडी बघायचं कारण उरलं नव्हतं. एवढंच. आता आपण कॉफीचं बोलू.

प्रज्ञानं, तुमच्या लेकीनं, ते मशीन बंगळूरहून आणलं तेव्हा तुम्ही नाक मुरडलं होतं. तिनं स्वतःला नवं मोठं घेतलं आणि जुनं आईच्या ओट्यावर आणून ठेवलं. "ह्याच्यापरीस पिठाची चक्की आणली असती तर लई बरं झालं असतं," तुम्ही म्हणालात. प्रज्ञा समजावत होती. हा दांडा, ह्यात कॉफीची पूड भरायची, दाबायची, दांडा वर अडकवायचा, बटण दाबलं की दांड्याच्या दोन तोंडांतून दोन कपांत कॉफी उतरते. ही बाजूची वाफेची नळी, हिनं दुधाला फेस आणायचा. मी हात मागं बांधून लांब उभी होते. मला ते दवाखान्यात वाफेनं हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं धाकटं भावंड वाटलं, आणि नोकरीत वाफ पुष्कळ बघून झाली होती. तुम्ही मात्र कपातला फेस बघत राहिलात. कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसत्या बसून होतात.

प्रज्ञा परत गेली आणि दुसऱ्या दिवशी आपण घोळ घातला. आपल्याकडं दूध आलं की आधी तापणार, हा ह्या घरातला माझा कायदा. दुरपदाबाईनं म्हशीचं दूध घातलं, मी ते तापवलं, आणि तुम्ही ते तसंच कढत जगमध्ये ओतून त्यात वाफेची नळी बुडवली. फेस आलाच नाही. दूध मात्र उसळून भिंतीवर, तुमच्या साडीवर आणि माझ्या चष्म्यावर आलं. प्रज्ञा फोनवर हसून हसून बेजार झाली. "अगं आई, दूध गार लागतं, फ्रिजमधलं!" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "गार? म्हंजे तापवल्यालं गार करायचं, आन् मंग पुन्यांदा तापवायचं? कुन्या शहाण्यानं काढलंय ह्ये?" मग तुम्ही गुपचूप कच्चं दूध वापरायला निघालात आणि मी तुमच्या हातातून पातेलं काढून घेतलं. शेवटी तह झाला. दूध तापवायचं, गार करायचं, वरची साय काढायची, आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात वेगळ्या भांड्यात ठेवायचं. त्या भांड्याला आपण मशीनचं दूध म्हणायला लागलो. पाहुण्यांना वाटायचं, मशीन काढून देतं दूध.

काही दिवसांत तुमचा हात असा बसला की प्रज्ञासुद्धा म्हणाली, माझ्याकडं एवढा दाट फेस येत नाही. म्हशीच्या दुधाची ती करामत होती, पण तुम्ही ते तिला सांगितलं नाहीत. एका पौर्णिमेला विहारातून परतताना तुम्ही सगळ्या बायांना घरी घेऊन आलात, पांढऱ्या साड्यांनी स्वयंपाकघर भरून गेलं, आणि प्रत्येकीला फेसाची कॉफी दिलीत. "ह्यात निस्ता फेसच हाय की वो, कॉफी कुठंय?" असं एकीनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "खाली हाय. दमानं घ्या, भेटंल." त्या दिवशी तुम्हाला बघून मला वाटलं होतं, ही बाई हॉटेल काढणार.

मग आपली वाटणी झाली. तशी ती जुनीच होती, मशीनलाही लागू झाली. तुम्ही करायचं आणि मी धुवायचं. चार वाजले की तुम्ही मशीनपुढं आणि मी तुमच्याकडं पाठ करून बेसिनपाशी. भिंतीकडचा कप माझा, खिडकीकडचा तुमचा. कॉफी उतरली की दांड्यातला चोथा मी कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायचे, दांडा धुवायचे, खालचा ट्रे रिकामा करायचे. आपल्या धाराशिवचं पाणी, नळाला येईल तेव्हा येणार आणि भांड्याला पांढरे थर देऊन जाणार. त्या थरानं मशीन एकदा बंदच पडलं, तेव्हापासून अधूनमधून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून ते आतून साफ करायचं कामही माझंच. आणि सगळ्यात महत्त्वाची वाफेची नळी. दुधातून बाहेर आली की त्याच क्षणी ओल्या फडक्यानं पुसायची आणि एकदा वाफ सोडून आतलं दूध फुंकून टाकायचं. दूध म्हणजे जंतूंचं माहेर. नळीच्या टोकाला टाचणीएवढी भोकं असतात, त्यात दूध वाळलं की संपलं.

आणि तिथंच आपलं रोज वाजायचं.

"ताई, आधी बसा. फेस बसायच्या आत प्या."

"नळी पुसते आणि आले. वाळलं की निघत नाही."

"निघंल की. दूधच हाय, रंग न्हाय."

मी पुसून, धुऊन, फडकं पिळून वाळत घालून येईपर्यंत माझ्या कपातला फेस खाली बसलेला असायचा. मी ती कोमट कॉफी तीन घोटांत संपवायचे आणि चांगली झालीय म्हणायचे. तुम्हाला त्याचा राग यायचा. जास्त चिडलात की मला ताई न म्हणता सिस्टरबाई म्हणायचात. "सिस्टरबाई, हितं कुनाचं आपरेशन न्हाय. कॉफी हाय." मीही ऐकून घेणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ह्या वादात मी आजही तसूभर मागं हटलेली नाही, हे तुमच्या माघारी स्पष्ट लिहून ठेवते.

पण तुम्ही त्यावर एवढ्या का अडायचात ते मला एकदाच कळलं. मागच्या उन्हाळ्यात लाइट गेली होती, मशीन अर्ध्यात थांबलेलं, आणि आपण लाइट यायची वाट बघत ओट्याला टेकून उभ्या होतो. तेव्हा तुम्ही आपण होऊन सांगितलंत. तुम्ही लहान होतात, कान ठणकत होता, म्हणून वडिलांनी तुम्हाला उमरग्याला डॉक्टरकडं नेलं होतं. "आमच्या गावात च्या भेटायचा त्यो हाटेलाच्या भाईर. आपापला कप घिऊन जायचं, उभ्या उभ्या प्यायचं आन् सरकायचं. उमरग्याला आमाला कोन वळखत न्हवतं. हायवेवर कानड्याचं हाटेल व्हतं. आबा म्हनला, आत चल. बाकड्यावर बसलो. त्यांच्याच कपात कॉफी आली, वर ह्यो येवढा फेस. मी गपागपा प्याया लागले. आबा म्हनला, दमानं पी बाई, हितं आपल्याला कोन उठवत न्हाय. माज्या व्हटाला फेस लागला, त्यो आबानं धोतराच्या सोग्यानं पुसला." मग लाइट आली, मशीन घुर्रर्र करून सुरू झालं आणि तुम्ही विषय तिथंच टाकून कॉफीकडं वळलात. दूध झालं आणि मी सवयीनं फडकं घेतलं. त्या दिवशी तरी तुम्ही माझ्या फडक्यावरून बोलाल असं वाटलं होतं. बोलला नाहीत.

वहिनी, दादा गेला तेव्हा प्रज्ञा चौथीत होती. तुमच्या माहेरची माणसं न्यायला आली होती आणि तुम्ही म्हणालात, ताईला डबा कोन करील? लोकांनी त्याचा अर्थ उलटा लावला. सिस्टरनं लग्न केलं नाही, भावजयीला सांभाळलं, भाचीला शिकवलं, नणंद असावी तर अशी. हे मी इतकी वर्षं इतक्या तोंडांतून ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तुम्ही कधी खोडून काढलं नाहीत. उलट कुणी म्हटलं की मान डोलवायचात. आता तुम्ही गेल्यावर मला ह्या घरात हळद कुठं आहे ते सापडत नाही. नाइट ड्यूटीवरून आले की गरम भाकरी, दिवसपाळीला डबा, आजारी पडले की पेज. माझा पगार ह्या घरात येत होता हे खरं, पण सांभाळत कोण कुणाला होतं ते आता कळतंय. तुम्ही मला पोसलंत. हे तुमच्या तोंडावर एकदा तरी म्हणायला हवं होतं, आणि चार वाजता, तुमच्याकडं पाठ करून म्हटलं असतं तरी चाललं असतं.

प्रज्ञाला हे माझ्या आधी कळलं असावं. कार्यक्रम झाला, मांडव निघाला, आणि ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आत्या, तू चल माझ्याकडं बंगळूरला. इथं एकटी काय करशील? तुला कुकर तरी लावता येतो का?"

"येतो की."

"डाळीला किती शिट्ट्या?"

मी विचारात पडले आणि ते तिला दिसलं. हसू की रडू अशी तिची अवस्था झाली. माझा हात धरून ती म्हणाली, "मी काय तुला परक्याकडं नेतेय का? सामान हळूहळू नेऊ. मशीन ह्या वेळीच घेऊन जाते, इथं कोण वापरणार ते?"

ती चुकीचं काही म्हणाली नव्हती. पण मशीनचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठले, पापडाचा डबा आणि ती चाळण उचलून खाली ठेवली आणि म्हणाले, मशीन इथंच राहील. तू पुन्हा येशील तेव्हा माझ्या हातची कॉफी पी. जमली असेल तर मी ह्या घरात राहणार. नाही जमली तर तू म्हणशील तिथं बॅग घेऊन येते, एक शब्द बोलणार नाही. बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलून बसले, पण शब्द दिला तो दिला.

ती गेल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू केलं. पूड भरली, दाबली, दांडा अडकवला. माझा कप घेतला आणि नेहमीसारखा भिंतीकडच्या तोंडाखाली ठेवला. बटण दाबलं. माझ्या कपात कॉफी उतरायला लागली आणि खिडकीकडच्या तोंडातून तुमच्या वाटणीची धार सरळ ट्रेमध्ये पडायला लागली. कप मधोमध सरकवला असता तर दोन्ही धारा त्यातच पडल्या असत्या. तेवढी अक्कल मला आहे. पण हात हलला नाही. मी ती धार थांबेपर्यंत बघत उभी राहिले.

फेसाचं तर विचारूच नका. साबणाच्या पाण्यासारखे मोठमोठे बुडबुडे आले आणि कपात ओतेपर्यंत विरून गेले. चव करपट. पण नंतरची सफाई मात्र अशी केली की एखाद्या ऑपरेशन थिएटरला लाजवेल. ऑपरेशन यशस्वी आणि पेशंट दगावला, असं आम्ही दवाखान्यात म्हणायचो, त्यातली गत.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. प्रज्ञानं फोनवर व्हिडिओ पाठवले, ते बघून आणखी बिघडलं. नळी किती बुडवायची, जग किती तिरका धरायचा, कधी थांबायचं, तुम्ही हे सगळं कसं करत होता ते मला आठवेना. आठवणार कसं? मी ते कधी बघितलंच नव्हतं. एवढे दिवस एका खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि माझी कायम पाठ. सकाळी दुरपदाबाई यायची आणि पातेल्यावर माप धरून विचारायची, "किती घालू, सिस्टर?"

"रोजच्याएवढंच."

"एकलीला येवढं कशाला वो?"

"मशीनला लागतं."

ती दूध घालून जायची. एक दिवस मात्र उंबऱ्यातच टेकली. म्हणाली, "वैनी लई चांगल्या व्हत्या. मला पयल्यांदा कॉफी पाजली तवा म्या म्हनलं, करपलीया वो ही. तर म्हनल्या, अशीच आसतीया, बसून पी." मी तिला म्हटलं, आज पितेस का? ती घाईनं उठली. "नगं वो सिस्टर, तुमच्या हातची नगं." माझ्या हाताची कीर्ती तिच्यापर्यंत गेली होती.

मग एकदा असं झालं. नळी दुधात होती, वाफ सुरू होती, आणि ओटा ओला दिसला म्हणून मी जग एका हातात तसाच धरून फडक्यासाठी बेसिनकडं वळले. मशीनकडं पाठ झाली आणि माझ्या कानाला लागलं की हे चुकतंय. हा आवाज तुमचा नाही. तुमचा आवाज आधी कापड फाडल्यासारखा यायचा, अगदी थोडा वेळ. मग तो खाली जाऊन घुमायला लागायचा, घूंऽऽ असा, आणि घुमता घुमता जड झाला की तुम्ही माहेरच्या कानडीत "साकु, साकु" म्हणायचात, पुरे, पुरे, आणि वाफ बंद. मी हे बघितलं नव्हतं, पण रोज चार वाजता ऐकलं होतं. मी तशीच, तोंड बेसिनकडं ठेवून, जग खाली केला, वर केला, कापड फाटल्याचा आवाज लागला. मग जग जरा वर उचलून नळी आत घेतली आणि घुमायला लागलं. जड झालं. "साकु," मी म्हटलं आणि बंद केलं.

वळून बघितलं तर जगमध्ये फेस होता. दाट, बारीक, तुमच्यासारखा. मी ओट्याला धरून रडले, वहिनी. घरी, विहारात, कुठंच रडले नव्हते. सगळ्यांना पाणी देत होते, पाठीवरून हात फिरवत होते, बायांना सावरत होते. तो फेस बघितला आणि बांध फुटला. रडून झाल्यावर नळी पुसली, मग प्यायले. फेस बसला होता.

प्रज्ञा काल, रविवारी आली. रात्रभर बसचा प्रवास करून आली होती, दुपारपर्यंत झोपली. उठली ती थेट स्वयंपाकघरात. चार वाजत होते. खुर्ची ओढून बसली आणि परीक्षा घ्यायला आलेल्या बाईसारखी हाताची घडी घातली. मी कप मांडले. भिंतीकडं माझा कप, खिडकीकडं तुमचा. दोन्ही तोंडांतून कॉफी उतरली आणि ट्रे कोरडा राहिला. मग मी तिच्याकडं आणि मशीनकडं, दोघांकडं पाठ केली आणि हात मागं करून जग धरला.

"आत्या, हे काय करतेस? भाजशील!"

"गप बस. ऐकू दे."

फाटलं, घुमलं, जड झालं. साकु. फेस ओतला, तुमचा कप तिच्यासमोर ठेवला. ती वाकून बघायला लागली. बराच वेळ बघितलं. मग तिची नजर नळीकडं गेली आणि ती उठलीच. शेवटी ही माझ्याच हाताखाली वाढलेली पोर, ताटावरून उठलं की ताट घासायचं हे मीच तिच्या अंगात मुरवलंय. तिनं ओलं फडकं उचललं. "थांब, आधी नळी पुसते, वाळलं की..."

"राहू दे गं ते," मी म्हटलं. "आधी बस. फेस बसायच्या आत पी."

फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. मीही थांबले. दोघींनाही ते कुणाचं वाक्य आहे ते कळलं होतं. ती हळूच खाली बसली, मी तिच्यासमोर बसले आणि आम्ही प्यायलो. वहिनी, मी पहिल्यांदा तुमची कॉफी फेसासकट, कढत, बसून प्यायले. तुम्ही म्हणायचात त्यात तथ्य होतं. ओठाला आधी मऊ लागतं, मग कडू येतं, आणि घाई केली तर दोन्हीची मजा जाते. एवढंच मी कबूल करते, जास्त नाही.

प्रज्ञाच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी आली होती. मी पदराच्या टोकानं ती पुसली आणि तिला उमरग्याची गोष्ट सांगितली. आबा, कानड्याचं हॉटेल, आतलं बाकडं, त्यांच्याच कपातली कॉफी. "आईनं मला कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, मलाही एकदाच, तेही लाइट गेली म्हणून. तिनं कप रिकामा केला, तो दोन्ही हातांत धरून बसली, अगदी तुम्ही बसायचात तशी. मग म्हणाली, "राहा इथंच. पण डाळीच्या शिट्ट्या मला फोनवर विचारत जा." मला हसू आलं. तिलाही आलं.

आज ती गेली. मी तिला स्टँडवर सोडून आले. बस हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात केला, मीही केला, आणि रिक्षानं घरी येताना मला जाणवलं की मी पैज जिंकले म्हणजे काय झालं, तर मला एकटीनं राहायची परवानगी मिळाली. तुमच्या घरात, तुमच्या मशीनबरोबर, चार वाजता. आनंद झाला नाही असं नाही. पण कुलूप काढून आत आले आणि दिवा लावायच्या आधी थोडा वेळ दारातच उभी राहिले.

आणि आत आल्यावर बघते तर काय, वाफेची नळी तशीच. कालच्या बोलण्यात ती दोघींच्याही डोक्यातून गेली होती. दूध वाळून पांढरं कडक झालंय. टोकाची भोकं बुजलीत. मी फडकं ओलं करून घासलं, नखानं खरवडलं, काही हललं नाही. आणि वहिनी, मी खरोखर मागं वळले. म्हणाले, "बघा, सांगत होते ना, वाळलं की निघत नाही?" खिडकीकडचा कप पालथा होता. तुमची खुर्ची प्रज्ञानं बसून जरा तिरकी केली होती, तेवढीच.

आता एका पेल्यात कढत पाणी घेऊन नळी त्यात बुडवून ठेवलीय. "निघंल की," असं तुम्ही म्हणायचात. निघालं तर तुमचं खरं, नाही निघालं तर माझं. इतक्या दिवसांच्या भांडणाचा निकाल सकाळी लागेल. पण काहीही लागला तरी तो सांगायचा कुणाला, वहिनी?